कोणाचा होता तो?

आमच्या खोऱ्यात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तू कोणाचा?" म्हणजे बाप कुठल्या खाणीत होता, आजीचं माहेरचं आडनाव काय, बाप्तिस्मा कुठल्या चर्चात झाला. एवढं कळलं की त्याला बसायला खुर्ची आणि हातात बिअर मिळते. साठ वर्षं मी हा प्रश्न ऐकत आले आणि विचारत आले. मार्चमधल्या त्या शुक्रवारपर्यंत मला त्याचा एकच अर्थ माहीत होता.

त्या संध्याकाळी सात वाजता मी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसले होते. माझ्या स्वेटरच्या बाह्यांवर रक्त वाळत होतं, माझं नव्हतं ते. माझा भाऊ रीजिस आत होता आणि त्याची बायको लोरेटा माझ्या शेजारी बसून जपमाळ ओढत होती. भिंतीवरच्या टीव्हीवर आमच्याच गावच्या अग्निशमन दलाचा हॉल, आमचा फायर हॉल, दिसत होता, चारी बाजूंनी पिवळ्या फिती लावलेला. पलीकडच्या खुर्चीतला माणूस माझ्याकडे वाकला. त्याची मेहुणीही आतच होती.

"काही कळलं का हो? कोणाचा होता तो?"

"वॉल्टर सॉप्कोचा धाकटा," मी म्हटलं. "ड्वेन. आई बेकरीवाल्या ड्युरिकांची."

"तसं नाही. कोणत्या पक्षाचा होता?"

सख्ख्या मेहुणीच्या पोटात गोळी, आणि हा बाबा टीव्हीकडे बघून निकालाची वाट पाहत होता. मी काही बोलणार तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीण बाहेर आली, तिने डोक्यावरची टोपी काढली, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच लोरेटाने किंकाळी फोडली.

झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस नाही, म्हणून दर शुक्रवारी फायर हॉलमध्ये मासे तळतात. सोबत कोबी घातलेल्या नूडल्स आणि बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी. रीजिस पंधरा वर्षं तिथे कढईवर असायचा. ड्वेनची बायको कोलेट त्या दिवशी आत पिरोगी परतत होती. तिने जानेवारीत नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं आणि कोर्टाकडून हुकूम मिळवला होता: तिच्या जवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, घरातल्या सगळ्या बंदुका शेरीफकडे जमा करायच्या. पावणेसहाला ड्वेन रांग ओलांडून रायफल घेऊन आत आला. "कोलेट कुठाय?" एवढंच त्याने विचारलं, आणि ते चाळीस माणसांनी ऐकलं. रीजिस झारा ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ड्वेन, चल, बाहेर जाऊन बोलू." पहिली गोळी त्याला लागली. मग आतल्या रांगेतली चौघं. एक गोळी कोलेटच्या खांद्यातून आरपार गेली, ती मैद्याच्या पोत्यांमागे पडून राहिली म्हणून वाचली. मग ड्वेनने आपल्या गाडीत जाऊन बसून स्वतःला मारून घेतलं. मी कचेरीतून उशिरा निघाले होते म्हणून बाहेरच्या रांगेत होते.

बायकोला मारायला आलेला नवरा आणि मधे आलेली पाच माणसं. यात समजायला कठीण काय आहे, मला सांगा. पण रात्री आठपर्यंत अख्ख्या देशाने दोन गट करून पैजा लावल्या होत्या. प्रत्येक गट देवाकडे एकच मागत होता: मारणारा त्यांच्यातला निघू दे, आपल्यातला नको.

आणि ते उत्तर माझ्याच कपाटात होतं. मी सव्वीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीत काम करते. आमच्या राज्यात मतदार यादीत नाव घालताना पुढे पक्षही लिहावा लागतो, आणि ती यादी उघडी असते. एक फॉर्म भरून कुणीही या, मागा, मला द्यावीच लागते. उमेदवार येतात, पत्रकार येतात, मुलीने ठरवलेला जावई कसा आहे ते बघायला सासवाही येतात. शनिवारी सकाळी आमचे साहेब गार्लंड यांचा फोन आला.

"बर्नी, तू येऊ नकोस. तुझ्यावर आभाळ कोसळलंय, मला कळतंय. फक्त यादीचा पासवर्ड सांग. टीव्हीवाले दारात बसलेत."

"मी येते," मी म्हटलं. माझं कारण वेगळं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

ड्वेन सॉप्को: मोठा पक्ष. गार्लंडनी कागदावर शिक्का मारून तो बाहेर नेऊन दिला. मोठा पक्ष कोणता आणि धाकटा कोणता हे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही मनातल्या मनात 'वाटलंच होतं' म्हणाल आणि पुढचं ऐकायचं सोडून द्याल. देशात दोन्ही पक्ष तोडीस तोड आहेत. आमच्या काउंटीत मात्र एक मोठा आहे आणि दुसरा असून नसल्यासारखा.

यादीत पक्ष दिसतो, पण तो कधी आणि कसा लिहिला गेला ते मूळ फॉर्मवर असतं, आणि ते फॉर्म तळघरातल्या कपाटात असतात. गार्लंड बाहेर कॅमेऱ्यांसमोर उभे असताना मी खाली जाऊन ड्वेनचा फॉर्म काढला. खाली एक चौकोन आहे: 'फॉर्म भरायला मदत करणाऱ्याची सही'. त्यात माझी सही होती. बर्नडेट होलुब, ठसठशीत, शाळेत सिस्टरने शिकवलेल्या वळणाची.

तीन वर्षांपूर्वी रीजिसला आमच्या टाउनशिपचा, म्हणजे गाव आणि आसपासच्या वस्त्यांचा, सुपरवायझर व्हायचं होतं. रस्ते, खड्डे, हिवाळ्यात बर्फ काढणं, एवढंच ते पद. पण आमच्याकडे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती असते. वसंतात मोठ्या पक्षाची आतली निवडणूक होते, प्रायमरी, तीत जो जिंकला तो जिंकला. आणि त्या निवडणुकीत मत द्यायचं तर यादीत मोठ्या पक्षाचं नाव लागतं. आम्ही होलुब तीन पिढ्या धाकट्या पक्षाचे, खाण कामगारांच्या युनियनपासूनचे, आणि आमचे शेजारीही तसेच. मग मी फॉर्मचा गठ्ठा घेतला आणि दर शनिवारी माझ्या गाडीतून दारोदार फिरले. "एका वसंतापुरता पक्ष बदला, रीजिससाठी. पुन्हा बदलता येतो." निवडणूक कचेरीतल्या बाईने भावासाठी असं करणं नियमात बसतं का, हे मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. एकशे चौदा जणांनी सह्या केल्या. रीजिस सदतीस मतांनी निवडून आला. पुन्हा बदलून घ्यायला मात्र कुणीही आलं नाही, मीही नाही. आळस, दुसरं काही नाही.

ड्वेन आणि कोलेटने त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या केल्या होत्या. ड्वेन हसत म्हणाला होता, "रीजिस माझ्या गल्लीतला बर्फ पहिला काढणार असेल, तर मी पोपच्या विरोधातल्या पक्षातही जाईन!" त्याने मला पाइनॅपल केकचा तुकडाही दिला होता. ही त्याची मोठ्या पक्षाशी असलेली निष्ठा.

शनिवार दुपारपासून सगळ्या देशात एकच वाक्य फिरत होतं: मोठ्या पक्षाच्या नोंदणीकृत सदस्याने पाच जणांना मारलं. धाकट्या पक्षाच्या लोकांना केवढा आनंद झाला! त्यांनी तो दुःखाच्या कागदात गुंडाळला होता, पण मी सव्वीस वर्षं माणसांचे अर्ज वाचतेय, मला कागदाच्या आतलं दिसतं. रविवारी कुणीतरी जुन्या याद्या काढल्या आणि त्यात ड्वेन जन्मभर धाकट्या पक्षाचा निघाला. आता आनंद करायची पाळी मोठ्यांची. तीन वर्षांपूर्वी मुद्दाम आत घुसवलेला माणूस, म्हणे! सोमवारी आणखी कुणीतरी मोजलं की आमच्या दीड हजार वस्तीच्या टाउनशिपमध्ये त्या एका वसंतात एकशे चौदा जणांनी पक्ष बदलला होता. झालं, कटाची पाळंमुळं सापडली. ब्याण्णव वर्षांच्या ऍग्नेस ऍडम्चिकबाईसुद्धा त्या कटात होत्या. त्यांना फॉर्म वाचून दाखवताना मी घसा बसेपर्यंत ओरडले होते.

आणि रीजिस. मेलेल्या माणसालाही सोडलं नाही. तो मोठ्या पक्षाच्या नावावर निवडून आला होता ना, मग एका गटासाठी तो हुतात्मा झाला, पक्षाच्या माणसाला वेचून मारलं म्हणून. दुसऱ्या गटातल्या कुणा एकाने त्याच्या फोटोखाली लिहिलं: "एक कमी झाला." त्याखाली चार हजार लोकांनी पसंतीचे अंगठे दिले होते. मी ते दोनदा वाचलं. माझ्या भावाने आयुष्यात राजकारण म्हणून जे काही केलं ते रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मीठ-खडीचं केलं, आणि तेही प्रामाणिकपणे.

मंगळवारी मी कोलेटला भेटायला गेले. खांद्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर, चेहरा कागदासारखा. मला बघून ती रडायला लागली.

"बर्नी, माझ्यामुळे गेला गं तो. माझ्यामुळे."

"गप. ड्वेनमुळे गेला. पुन्हा असं म्हणशील तर याद राख."

डोळे पुसून ती म्हणाली, "मी त्यांना चार म्हणून सांगितलं होतं."

"चार काय?"

"बंदुका. शेरीफचा माणूस न्यायला आला तेव्हा ड्वेनने कागदावर तीन लिहिल्या. मी म्हटलं, चार आहेत, त्याच्या काकांची रायफल राहिली, ती गोठ्यात कुठेतरी ठेवलीय त्याने. तो म्हणाला, बाई, त्याने शपथेवर तीन लिहिलंय. माझ्याकडे पडताळून बघायला दुसरा कागदच नाही. वाईट नव्हता गं तो पोरगा. खरंच नव्हता त्याच्याकडे कागद."

"हे कुणाला सांगितलंस?"

"विचारलंय कोणी? काल एक टीव्हीवाली आली होती, फुलं घेऊन. तिने विचारलं, ड्वेन बातम्या कुठल्या चॅनेलवर बघायचा?"

"मग?"

"मी म्हटलं, तो मासेमारीचा कार्यक्रम बघायचा." आणि त्या अवस्थेत कोलेटला हसू आलं, आणि खांदा दुखला म्हणून हसता हसता ती कळवळली.

मी गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. माझ्या कचेरीत साठ हजार माणसांचे पक्ष लिहिलेले आहेत, पत्त्यासकट, जन्मतारखेसकट. कुणाचा बाप कधी फिरला, कुणाची आजी कधी परत आली, सगळं आहे. आणि ज्या एका वस्तूची नोंद हवी होती, तिची नोंद ठेवायची नाही असाच इथला रिवाज आहे. आणि रीजिसही त्याच मताचा होता, हे मी लपवणार नाही. त्याच्याकडे स्वतःच्या पाच बंदुका होत्या, दर हिवाळ्यात हरीण आणायचा. "कुणाकडे काय आहे याच्याशी सरकारला काय करायचंय, बर्नी?" असं म्हणायचा. आम्ही त्यावर दर नाताळात भांडायचो आणि मग केक खायचो. आता भांडायलाही तो नव्हता.

बुधवारी लोरेटाकडे गेले. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेल्या डब्यांची चळत होती. मोठ्या पक्षाचा एक राज्य सिनेटर अंत्यविधीला येऊन बोलणार असल्याचं तिनेच मला सांगितलं.

"तू हो म्हणालीस?"

"म्हणाले. एवढा मोठा माणूस रीजिससाठी येतोय."

"रीजिससाठी नाही, कॅमेऱ्यासाठी येतोय. लोरेटा, रीजिस कुठल्या विचारासाठी नाही गेला. कोलेटला वाचवताना गेला."

"दुसऱ्याच्या बायकोला!" ती एकदम ओरडली. "छत्तीस वर्षांचा संसार केला मी, आणि आता लोकांना काय सांगू? सॉप्कोच्या नवराबायकोच्या भांडणात मेला म्हणून? तो सिनेटर म्हणाला, देश त्याला विसरणार नाही. तू काय देतेस मला त्याच्या बदल्यात? बोल ना."

"खरं काय ते देते."

"तुझं खरं तुझ्याजवळ ठेव. नवरा केला नाहीस, तुला काय कळणार नवरा जाणं काय असतं ते."

ते मला लागलं. पण तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित सिनेटरलाच धरून बसले असते. आलेला एक डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि निघाले.

गुरुवारी सिनेटर आला. चर्चमध्ये त्याने माझ्या भावाचं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं आणि 'आपले विचार' हे शब्द अकरा वेळा वापरले. चर्चबाहेर रस्त्यापलीकडे धाकट्या पक्षाचे लोक उभे होते, बाहेरगावाहून गाड्या करून आलेले, हातात पाट्या: 'तुमच्याच माणसाने मारलं'. शवपेटी खांद्यावर घेऊन माझे चुलतभाऊ त्या पाट्यांसमोरून गेले. रीजिस कसा मेला हे ना आतल्याने सांगितलं, ना बाहेरच्यांनी. मी तिथेच ठरवलं की ते मी सांगणार, नोकरी गेली तरी. माझ्या भावाच्या नावावर एक तरी खरं वाक्य राहिलं पाहिजे.

त्यासाठी जागा एकच होती. काउंटी बोर्डाची बैठक महिन्यातून दोनदा मंगळवारी भरते आणि तिथे कुणालाही माइकवर तीन मिनिटं बोलता येतं. तीन मिनिटं झाली की घंटा वाजते. एरवी तिथे सांडपाण्यावर तक्रार करणारे सहा म्हातारे असतात. त्या मंगळवारी भिंतींना टेकून माणसं उभी होती, डावीकडे मोठ्या पक्षाचा गट, उजवीकडे धाकट्याचा, मधे कॅमेरे. मी रात्रभर जागून कागदावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. आधी ड्वेनच्या पक्षाची भानगड मिटवायची, म्हणजे लोकांची डोकी रिकामी होतील. मग त्या रिकाम्या डोक्यात चौथी बंदूक ठेवायची. माझी अक्कल ही अशी.

"मी बर्नडेट होलुब," मी म्हटलं. "रीजिसची बहीण. ड्वेन सॉप्कोचा पक्ष-बदलाचा फॉर्म मी भरला. त्यावर माझी सही आहे. तो जन्मभर धाकट्या पक्षाचा होता आणि त्याने एका वसंतापुरता पक्ष बदलला, माझ्या भावाने बर्फ काढावा म्हणून. एकशे चौदा जणांनी तसंच केलं. त्यामुळे त्याच्या नावापुढे जे लिहिलंय त्याला काडीचाही अर्थ नाही, आणि आता मी..."

"म्हणजे धाकट्यांचाच होता!" डावीकडून कुणीतरी ओरडलं, आणि तो अख्खा गट टाळ्या वाजवत उठला. माझ्या भावाच्या मरणावर टाळ्या! उजवीकडून कुणीतरी "विकली गेलीस!" म्हणालं. "पुरावा दाखव!" "अटक करा तिला!" अध्यक्ष हातोडी आपटत होते.

"ऐका," मी ओरडले, "मुद्दा तो नाहीच आहे. बंदुका चार होत्या. कोलेटने सांगितलं होतं, चार..."

घंटा वाजली. माइक बंद झाला. मी तशीच ओरडत राहिले, पण कॅमेरेवाले वायरी गुंडाळत दाराकडे पळत होते. त्यांना हवं ते पहिल्या एका मिनिटातच मिळालं होतं. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की फॉर्ममध्ये महत्त्वाचं आधी लिहा, आणि माझ्या वेळी मीच ते खाली लिहिलं. अजूनही त्या आठवणीने मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्यानंतर कोलेट माइकपाशी आली. हात गळ्यात, बहिणीने धरलेली. तिला बघून शांतता पसरेल असं मला वाटलं होतं, पण अर्धा हॉल तोवर बाहेर गाड्यांपाशी भांडत होता. ती फक्त एक मिनिट बोलली. "बंदुका चार होत्या. मी चार म्हणून सांगितलं होतं. कुणाकडे लिहिलेलं नव्हतं म्हणून तीनच नेल्या. रीजिस माझ्यासाठी दारात उभा राहिला. एवढंच." तिच्या कपाळावर घाम आला होता.

"धन्यवाद. पुढचे," अध्यक्ष म्हणाले.

पुढचा एक चाळिशीचा माणूस होता, आमच्या खोऱ्यातला नव्हता, नवी कोरी टोपी घातलेला. "मला आधीच्या बाईंना विचारायचंय," तो म्हणाला. मला वाटलं, कोलेटला. "त्या होलुबबाईंना. ते एकशे चौदा लोक कोण? नावं कुठे मिळतील?"

अध्यक्षांनी कायदा सांगितला: निवडणूक कचेरी, सकाळी नऊ ते साडेचार.

बुधवारी नऊ वाजता तो माझ्या काउंटरवर हजर होता. गार्लंडनी मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती, त्यानंतर माझ्या जागी दुसरं कुणी. ते चुकीचं वागले असं मी म्हणत नाही. त्या माणसाने फॉर्म नीट भरला होता, एक रकाना रिकामा नव्हता.

"काय करणार यांचं?" मी विचारलं.

"लोकांना कळायला नको का कोण कोण आहेत ते?"

"शेजारी आहेत. कोलेट सॉप्कोही आहे यात. कालची, प्लास्टरवाली. तिच्या घराचा पत्ता आहे."

"बाई, ही यादी सार्वजनिक आहे की नाही?"

होती. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता, आणि आजवर शेकडो लोकांना मी ती हसत हसत दिली होती. मी छापायला टाकली. नावं, पत्ते, जन्मतारखा, सात पानं झाली. मी ती सरळ करून काउंटरवर ठेवली. मग छपाईच्या यंत्रातून एक कोरं पान ओढून घेतलं, त्यावर काउंटीचा शिक्का मारला आणि त्या सातांवर ठेवलं.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काय आहे?"

"काउंटीतल्या बंदुकांची यादी."

"हे कोरं आहे."

"हो. तेवढीच आहे आमच्याकडे."

"मी हे मागितलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खिडकीतली मुलगी वळून बघायला लागली. "सव्वीस वर्षं मी इथे उभी आहे. कोण कुठल्या पक्षाचा हे मला हजारांनी विचारलं. दारू पिऊन येऊन विचारलं, मुलं कडेवर घेऊन विचारलं. हे पान कुणी मागितलं नाही. माझ्या भावानेही मागितलं नाही. तू घेऊन जा. तू पहिला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बसमध्ये स्वतःशी बोलणाऱ्या माणसाकडे बघतात. सात पानं उचलली, कोरं पान दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं आणि चालू लागला. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पोचायच्या आतच त्याने फोन कानाला लावला होता, आणि मला स्वच्छ ऐकू आलं, तो पहिलं नाव वाचत होता. ऍग्नेस ऍडम्चिक. मिल स्ट्रीट. घर नंबर.

मी काउंटरची फळी उचलली, ते कोरं पान मुठीत धरलं आणि त्याच्या मागे धावले. कचेरीच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, साठाव्या वर्षी. "अरे ए!" मी ओरडत होते. "तुझं पान राहिलं! ए नालायका, तुझं पान राहिलं!" त्याने एकदा मागे वळून पाहिलं, यादी छातीशी घट्ट धरली आणि पळायला लागला.